बाबाने ताडी सोडली तेव्हा

माझ्या हळदीच्या दिवशी मी बाबाच्या पायांवर डोकं ठेवून विचारलं होतं, "देवा, माझा संसार नीट होईल ना?" त्या वेळी बाबाच्या अंगात देव नव्हता. तो मरणाच्या दारात उभा होता आणि आम्ही सगळे त्याला हार घालत होतो. हे आधीच सांगून टाकते.

माझं माहेर भिवंडीजवळ, खारबावच्या बाजूला. घरामागे खाडीकडे उतरणारी भातखाचरं होती आणि बांधावर ताडाची झाडं. बाबा तरुणपणापासून ताडी पिणारा. सकाळी झाडावरून उतरवलेली ताजी ताडी, तीही पेलाभर. त्याला आमच्यात व्यसन म्हणत नसत. दारू पिणारा वेगळा आणि ताडी घेणारा वेगळा, हा आमच्या गावाचा पक्का समज. पुढे खाचरं भरावाखाली गेली, त्यावर गोदामं उभी राहिली आणि ताड तोडले गेले. ताड गेले, पण ताडी कमी झाली नाही. उलट रस्त्याच्या कडेला पत्र्याची ताडी केंद्रं आली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून हवी तेवढी मिळू लागली. झाडंच नाहीत तर ही ताडी येते कुठून, हा प्रश्न अख्ख्या गावात कोणाला पडला नाही. मलाही नाही. मी एका गोदामाच्या ऑफिसात कामाला आहे, कुठला माल कुठून आला हेच दिवसभर बघते, तरी नाही.

बाबा पिऊन कधी भांडला नाही. पिशवी संपवायचा, घरी यायचा, गप्प झोपायचा. आई शेजारणींना कौतुकाने सांगायची, "आमच्या मानसाचा तरास न्हाय कुनाला." पण पूर्वी ज्याला पेलाभर पुरायची त्याला आता पिशवी पुरेना. सकाळची झाली, मग दुपारची, मग संध्याकाळची. एवढी पिऊनही त्याची जीभ जड होत नव्हती, पाय अडखळत नव्हते. गावातले म्हणायचे, गडी खंबीर आहे, पचवतो. आम्हीही तेच म्हणायचो, जरा अभिमानानेच.

आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठा सोहळा, आणि हळदीला दारूचे पाट वाहतात. माझं लग्न ठरलं त्या वर्षी गावातल्या बायकांनी गावकीला धारेवर धरून ठराव करून घेतला की यापुढे हळदीला दारू नाही. बाबा म्हणाला, "ठराव दारूचा हाय, ताडीचा न्हाय." माझी जीभ तिखट आहे, ती आईकडून आली. मी म्हटलं, "ठराव गेला खड्ड्यात. माझ्या हळदीला तू शुद्धीवर पाहिजेस, बस."

तो रागावला. त्या रात्री जेवला नाही. सकाळी मला गावदेवीच्या देवळात घेऊन गेला, देवीपुढे नारळ ठेवला आणि उजवा हात माझ्या डोक्यावर ठेवून म्हणाला, "हिची शपत. आजपासून थेंब न्हाय."

आमच्यात शपथ मोडली की ज्याच्या डोक्यावर हात ठेवला तो मरतो. हे लहान पोरालाही माहीत असतं. मी मनातल्या मनात हसले. बरं झालं, म्हटलं, आपल्या जिवाचा काहीतरी उपयोग झाला. तेव्हा हळद तोंडावर आली होती.

शपथ त्याने पाळली. दुसऱ्या दिवशी त्याला झोप लागली नाही. घाम इतका की बनियन पिळावं. चहाचा कप तोंडापर्यंत जाईना, बशीत सांडायचा. चादरीवरून काहीतरी एकसारखं वेचत बसायचा आणि काय वेचतोस विचारलं तर चिडायचा. येणारे जाणारे पाठ थोपटायचे. ताडी उतरतेय, उतरू द्या, सोडताना एवढं व्हायचंच. आत्याने लिंबाचं सरबत पाजलं. आईच्या डोळ्यांत तर नवऱ्याबद्दल वेगळंच कौतुक दिसत होतं.

हळदीच्या दिवशी सकाळी मांडवात देव मांडले. धवलारीण, म्हणजे आमच्या लग्नात धवले गाऊन विधी चालवणारी बाई, गायला बसली. मला हळद लागली. बाहेर ढोल सुरू झाला आणि बाबा थरथरायला लागला. आधी हात, मग खांदे, मग सगळं अंग. डोळे वटारलेले, नजर कुठल्या कुठे. बायकांनी पदर डोक्यावर घेतले. "आला, आला, देव आला," आत्या म्हणाली, आणि ढोलवाल्याने हात आणखी जोरात चालवला.

आमच्या मांडवात देव अंगात येणं हे चांगलं. देवाने लग्न मान्य केलं असा त्याचा अर्थ. थोरल्या काकाने बाबाच्या गळ्यात देवापुढचा हार घातला. आत्याने कपाळभर कुंकू लावलं. मला हाताला धरून पुढे आणलं आणि मी, बारावी सायन्स केलेली, त्याच्या पायांवर डोकं ठेवून संसाराचं विचारलं.

बाबा म्हणाला, "मुंग्या काढा. सगल्या मांडवात मुंग्या झाल्यात. काढा रे."

मांडवात एक मुंगी नव्हती. पण काकाने लगेच अर्थ लावला: आपल्याकडून जीवजंतूंचा मान द्यायचा राहिला. स्वयंपाकाच्या बाजूने साखरेचं पातेलं आलं आणि माझ्या दोन चुलत भावांनी मांडवाच्या कोपऱ्यांत साखर टाकली. बाबा त्या साखरेकडे बघत मोठ्याने ओरडला, ताठ झाला आणि पाठीवर पडला. दातखिळी बसली. जिभेतून रक्त आलं, लुंगी ओली झाली. ढोल कोणी थांबवला मला आठवत नाही. देव असं करत नाही, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

हळदीच्या अंगाने नवरीने उंबरा ओलांडायचा नसतो. मी ओलांडला. काकाची गाडी भिवंडीपर्यंत ट्रेलरच्या रांगेतून कशी गेली कोण जाणे. वाटेत बाबाला आणखी एकदा झटका आला आणि त्याचं डोकं माझ्या मांडीवर आपटत राहिलं. इस्पितळाच्या दारात वॉर्डबॉयने माझ्याकडे बघून आधी विचारलं, "दीदी, पेशंट आप हो क्या?" मी नखशिखांत पिवळी होते.

डॉक्टर एक बाई होत्या, माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी आधी इंजेक्शन दिलं, मग प्रश्न विचारले. इंजेक्शन गेल्यावर बघता बघता बाबाचं अंग सैल पडलं. इतक्या दिवसांत मी त्याला असं शांत पाहिलं नव्हतं.

"काय पितात?" त्यांनी विचारलं.

"ताडी. शुद्ध ताडी," काका जरा दुखावल्यासारखा म्हणाला. "आनि ती बी सोडली. देवीपुढं नारल ठेवून सोडली."

"कधी?"

काकाने सांगितलं. डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ही ताडी नव्हे हो. पाणी, गोडीला काहीतरी, फेसाला काहीतरी आणि झोपेच्या गोळीच्या जातीची पावडर. रक्त तपासायला पाठवते, पण मला फारशी शंका नाही. असे पेशंट आमच्याकडे येतात."

"मग सोडली ते चांगलंच झालं ना?" मी विचारलं.

"सोडली म्हणून तर इथे आलेत."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मला बाकावर बसवलं आणि त्या शेजारी बसल्या.

म्हणाल्या, मेंदूत गाबा नावाचं एक रसायन असतं. त्याचं काम पेशींना गप्प बसवणं. पेशीच्या अंगावर त्याच्यासाठी जागा असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. गाबा त्या जागेवर येऊन बसला की पेशी शांत होते. ही पावडर गाबाचा जोर वाढवते. तो एकदा गप्प म्हणाला की पेशीला दहादा ऐकू जातं. आणि हे रोज, वर्षानुवर्षं. "आता पेशी काही मूर्ख नसते. एवढं गप्प बसून तिचं काम कसं चालणार? मग ती काय करेल?"

"शटर खाली घेईल," मी म्हटलं. आमच्या गोदामात माल एकदम अंगावर आला की माल उतरवायच्या डॉकची शटरं खाली घेतात.

"शटर असतं तर परत लगेच उघडता आलं असतं. ती ते रिसेप्टर अंगावरून आत ओढून घेते. काही मोडून टाकते. जे वर उरतात त्यांनाही गाबाचं नीट ऐकू येईनासं होतं. आणि दुसऱ्या जातीचे रिसेप्टर असतात, उठा, पळा सांगणारे, त्यांचा जोर ती वाढवते. असा तोल सांभाळते. म्हणून माणूस एवढं पिऊनही सरळ चालतो."

गडी खंबीर आहे, पचवतो. गावातले ते शब्द मला आठवले.

"आणि मग एका सकाळी तुम्ही पावडर बंद करता," त्या म्हणाल्या. "गाबा बोलतोय, पण त्याचं ऐकायला कोणी नाही. उठा-पळावाले मात्र सगळे जागे. त्यातून ते थरथरणं, ते भास, ते झटके. पेशी पुन्हा रिसेप्टर बनवेल, वर आणेल, पण तिच्या वेगाने. आपली घाई तिला चालत नाही. तोवर त्याच जातीचं औषध गोळीने द्यायचं आणि हळूहळू कमी करायचं. महिने लागतील."

माझ्या बापाच्या डोक्यात इतकी वर्षं इतकी उलथापालथ चालली होती, आणि आम्ही बाहेर बसून त्याच्या पचवण्याचं कौतुक करत होतो. पत्र्याच्या केंद्रावर जाऊन त्या माणसाचं डोकं फोडावं असं वाटलं. मग वाटलं, त्याने विकलं तेव्हा बाबा जगला आणि मी सोडायला लावलं तेव्हा मरायला टेकला. हे कुठल्या न्यायात बसतं, मला कळेना. अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी बाबा भानावर आला. नर्सने गोळी दिली, त्याने ती हातात धरली, तेवढ्यात काका त्याला दिलासा द्यायला म्हणून बोलला, "घे रे, भिऊ नको. ताडीतलीच पावडर हाय ती, फकस्त डॉक्टरकडची."

बाबाने गोळी खाली टाकली.

"अहो, औषध म्हणून घेतलं तर शपथ मोडत नाही," डॉक्टरबाईंनी बाबाला समजावलं.

"थेंब न्हाय म्हनलो मी," बाबा म्हणाला. त्याची जीभ सुजलेली होती, बोलणं बोबडं येत होतं. "त्या थेंबात हीच पावडर होती ना? मग झाला. मना माजी पोरगी मारायची न्हाय."

त्याच्या बोलण्यात कुठे फट नव्हती. आमच्या घरात वाद घालायला बसलं तर बाबाला कोणी हरवू शकत नाही, तो कमी बोलतो म्हणून.

लहानपणी खेळात कोणी शपथ घातली की आम्ही "सुटली" म्हणायचो आणि ती सुटायची. मी त्याचा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हटलं, "बाबा, सुटली. मी म्हणते ना, सुटली."

"खेलातली सुटते, बाय. देवीपुढची न्हाय सुटत."

तो हात माझ्या डोक्यावर पुन्हा कापायला लागला होता. डॉक्टरबाईंनी मला बाहेर बोलावून सरळ सांगितलं की इंजेक्शनचा जोर ओसरेल, गोळी पोटात गेली नाही तर पुन्हा झटके येतील, आणि पुढच्या वेळी काय होईल याची त्या हमी देऊ शकत नाहीत. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या तोंडात बळजबरीने गोळी कोंबताही येत नाही.

मी आत गेले. आई उशाशी बसून पाय चेपल्यासारखी त्याच्या उशीवरूनच हात फिरवत होती, पाय कुठे आणि उशी कुठे तिलाही कळत नव्हतं. मी बाबाच्या तोंडासमोर तोंड नेलं आणि म्हटलं, "गोळी घेतली नाहीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. त्याच देवीची आण आहे तुला."

आईने उठून माझ्या थोबाडीत मारली. हळदीच्या अंगाने लेकीने असं अभद्र बोलावं, तिला काय वाटलं असेल मी समजू शकते. तिच्या बोटांना माझी हळद लागली. बाबा माझ्याकडे बघत राहिला, मग त्याने तोंड उघडलं आणि मी गोळी त्याच्या जिभेवर ठेवली. हे बरोबर केलं की चूक, असं मला लोक विचारतात. बाप जगला. पुन्हा वेळ आली तर पुन्हा हेच करेन.

लग्न थोडं पुढे ढकललं. भिवंडीजवळच्या कोन गावात माझं सासर. सासूबाईंनी खळखळ केली नाही, मुलीने हळदीत उंबरा ओलांडला याबद्दलही एक शब्द नाही. बाबा लग्नाला उभा राहिला, स्वच्छ कपड्यांत, शुद्धीवर, खिशात गोळ्यांची पट्टी घेऊन. गोळी आधी पूर्ण होती, मग पाऊण, मग अर्धी. आई पापड लाटायच्या पाटावर ती सुरीने कापायची.

सासरी गेल्यावर बाबाचे रोज फोन यायला लागले. जन्मात ज्याने मला कामाशिवाय फोन केला नव्हता तो रोज सकाळी आणि संध्याकाळी फोन करायचा. "बोल," म्हणायचा. मी बोलायची, काय भाजी केली, ऑफिसात कोण भांडलं. तिकडून पाणी प्यायल्याचा आवाज यायचा आणि मग तो बराच वेळ गप्प. "बोल की," पुन्हा म्हणायचा. मी चिडवायची, "ताडी सोडलीस आणि गप्पांचं व्यसन लागलं का रे तुला?" तो हसायचा नाही. मला आपलं वाटायचं, लेक सासरी गेली म्हणून जीव लागलाय. मला ते आवडायला लागलं होतं.

गोदामात आत फोन नेऊ देत नाहीत, गेटजवळच्या कपाटात ठेवावा लागतो. म्हणून सकाळी ड्युटीला जायच्या आधीच त्याचा फोन यायचा. एकदा शिफ्ट बदलली आणि मला लवकर कामावर जावं लागलं. त्याला कळवायचं राहून गेलं. दुपारी सिक्युरिटीवाल्याने आत निरोप पाठवला, बाहेर कोणी म्हातारा आलाय, मुलीला बघू द्या म्हणतो, बसत नाही, पाणी पीत नाही.

गेटवर बाबा होता. शर्टाची बटणं खालीवर लागलेली. कपाळावर घाम, आणि हात कापत होते, अगदी हळदीच्या आधी कापायचे तसे.

"बाबा, सकाळची गोळी?"

त्याने मूठ उघडली. अर्धी गोळी घामाने भिजून तळव्याला चिकटली होती.

"घेतली का नाहीस? वेडा आहेस का तू? डॉक्टरबाईंनी काय सांगितलंय?"

"तू फोन न्हाय उचललास."

"मग? माझ्या फोनचा आणि गोळीचा काय संबंध?"

त्याने सिक्युरिटीवाल्याकडे बघितलं, मग मला जरा बाजूला घेतलं. जणू काही लाजेची गोष्ट सांगायची आहे. "घेतली तर माजी शपत मोडते, तू मरतेस. न्हाय घेतली तर तुझी मोडते, तरी तूच मरतेस," तो म्हणाला. "मंग मी काय करतो, तू बोलत असतेस तवाच गिलतो. तुझा आवाज चालू असला म्हंजे हायेस. गिलल्यावर जरा ऐकतो. हायेस असा वाटला की ठेवतो फोन."

रोज सकाळ-संध्याकाळ, मी भाजीचं सांगत असताना, हा माणूस आपण आपली मुलगी मारतोय असं समजून गोळी गिळत होता. आणि कान लावून ऐकत होता, मेली का ते. मी सांगितलं म्हणून.

"आत्ता घे, माझ्यासमोर," मी म्हटलं. सिक्युरिटीवाल्याची पाण्याची बाटली घेतली. बाबाने गोळी जिभेवर ठेवली, पाण्याचा घोट घेतला. गळ्याची घाटी वर गेली, खाली आली. मग तो पापणी न हलवता माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. मागे ट्रेलर हॉर्न वाजवत होता, सिक्युरिटीवाला हटो, हटो म्हणत होता. मी हलले नाही. ओढणी छातीवरून बाजूला केली आणि त्याला लांबूनही दिसेल असा मोठा श्वास घेतला, सोडला, पुन्हा घेतला.